कोपराच्या फ्रॅक्चरला दोन प्लेटा: नव्वद-नव्वद का पॅरलल, आमचं कसं ठरलं

माझं उजवं कोपर फुटलं होतं आणि लातुरातल्याच दोन चांगल्या ऑर्थो डॉक्टरांनी दोन वेगळ्या पद्धतीनं प्लेटा बसवायच्या सांगितल्या. एक म्हणले नव्वद-नव्वद, दुसरे म्हणले पॅरलल. दोघंही अनुभवी, दोघांकडंही बाहेर पेशंटची रांग, आणि घरी तर जो येतोय तो एकच विचारतोय, प्लेट कुठल्या कंपनीची टाकणार. कंपनीचा विषय लई पुढचा आहे हो. आधी प्लेटा कुठं बसणार, डॉक्टर सांध्यापर्यंत कसे पोचणार आणि कोपर कव्हा हलवायला देणार, ह्या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतेत. मराठीत कुणी हे सरळ सांगत नाही म्हणून सगळं नीट लिहितेय, जरा मोठं होईल.

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकाला लागून शेतातली काळी माती डांबरी रोडवर येती, वरून एक सर पडली की त्या चिखलावर स्कूटी उभीच राहत नाही. शाळेतून येताना मागचं चाक सरकलं आणि मी वाकलेल्या कोपरावर पडले. असं पडलं की खालच्या हाडाचं टोक, म्हणजे आपण टेबलावर टेकवतो ते कोपराचं टोक, वर दंडाच्या हाडात घुसतंय आणि त्याला मधून चिरतंय. माझं तसंच झालं होतं.

दंडाचं हाड कोपराजवळ कसं असतंय हे दुसऱ्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं हाड हातात देऊन दाखवलं आणि तिथं मला पहिल्यांदा प्रकरण कळालं. वर ते हाड गोल नळीसारखं सरळ येतंय आणि खाली त्याचे दोन खांब होतेत, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या अंगाला, डॉक्टर त्याला मेडियल कॉलम आणि लॅटरल कॉलम म्हणतेत. दोन खांबांच्या मधी खाली सांध्याचा गुळगुळीत भाग आडवा बसलेला असतो, दोऱ्याच्या रिळासारखा, त्याच्यावर खालचं हाड फिरतंय. आणि दोन खांबांच्या मधलं हाड इतकं पातळ असतंय की उजेडात धरलं तर आरपार दिसावं. तिथं स्क्रू धरतच नाही. म्हणून दोन्ही खांबांना एकेक प्लेट लागती. एका प्लेटवर भागवा असं कुणी म्हणत असेल तर सांध्यातून गेलेल्या फ्रॅक्चरला ते पुरत नाही, हे मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

माझ्या रिपोर्टवर १३-सी लिहिलं होतं. एओ नावाच्या संघटनेची ही नंबरची पद्धत आहे, १ म्हणजे दंडाचं हाड, ३ म्हणजे त्याचं खालचं टोक, आणि सी म्हणजे चीर सांध्यातून गेलीय आणि सांध्याचा पूर्ण भाग वरच्या दांड्यापासून सुटलाय. ही एओ १९५८ ला स्वित्झर्लंडमधल्या सर्जन लोकांनी सुरू केली, आणि त्यांचं म्हणणं पहिल्यापासून असं की हाड जिथल्या तिथं पक्कं बसवा आणि सांधा लवकर हलवा. माझ्या भाच्यानं हे सांगितलं तव्हा ते इतिहासाचं वाटलं, पण आमचं सगळं ठरलं ते शेवटी ह्याच गोष्टीवर.

तर भाचा. बहिणीचा मुलगा, ऑर्थोमध्ये एमएस करतोय, अंबाजोगाईला स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजात आहे. त्याला मी एक्स-रे पाठवला तर त्याचा लगेच फोन, "मावशी, नुसत्या एक्स-रेवर काही ठरवू नको, सीटी कर, थ्रीडीवाला." तो खर्च आधी नको वाटला होता, पण एक्स-रेत दोनच तुकडे दिसत होते आणि सीटीत बाहेरच्या खांबाचा खालचा तुकडा एकदम बुटका निघाला, म्हणजे फ्रॅक्चर फार खालून गेलं होतं, शिवाय सांध्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक तुकडा वेगळाच. पद्धत कुठली ते ह्याच दोन गोष्टींवर फिरलं. ज्यांचं कोपर सांध्यातून फुटलंय त्यांनी सीटीला नाही म्हणू नये असं मला मनापासून वाटतंय.

आता दोन पद्धती. नव्वद-नव्वदमध्ये एक प्लेट आतल्या खांबाच्या कडेला बसती आणि दुसरी बाहेरच्या खांबाच्या मागच्या अंगाला, दोन्ही एकमेकींशी काटकोनात, म्हणून ते नाव. ही जुनी शिकवण, कित्येक वर्षं जगभर हेच केलंय आणि आजही करतेत. पॅरललमध्ये दोन्ही प्लेटा दोन्ही कडांना, समोरासमोर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या शॉन ओड्रिस्कॉल ह्यांनी ती पद्धत नियमासकट मांडली. त्यांचे नियम भाच्यानं फोनवर सांगितले ते मी वहीत लिहून घेतले, डाव्या हातानं, कसं लिहिलंय ते मलाच माहीत. खालच्या तुकड्यातला एकेक स्क्रू प्लेटमधून गेला पाहिजे, शक्य तेवढे जास्त स्क्रू, शक्य तेवढे लांब, एका बाजूनं आलेला स्क्रू समोरच्या बाजूच्या तुकड्यात जाऊन धरला पाहिजे, आणि दोन्हीकडचे स्क्रू आत एकमेकांत अडकून बसले पाहिजेत.

माझ्यासारख्या बुटक्या तुकड्याला ह्याचा फायदा काय ते बघा. मागून बसवलेल्या प्लेटचे स्क्रू मागून पुढं जातेत, पुढं लगेच सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर असतंय, तिच्यातून स्क्रू बाहेर आला तर सांधा खराब, म्हणून खालचे स्क्रू आखूडच ठेवावे लागतेत. कडेनं बसवलेल्या प्लेटचे स्क्रू आडवे जातेत, त्यांना ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत जागा मिळती. पण ह्याच्या उलट, ज्यांच्या सांध्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या गोल भागाचा पुढचा कप्पा उभा चिरलेला असतो त्यांना मागून पुढं जाणारे स्क्रूच लागतेत, तिथं मागची प्लेट कामाची. बाहेरच्या कडेची प्लेट कातड्याखाली टोचायचं प्रमाणही असतंय कारण तिथं मांस कमी. म्हणजे एक पद्धत सगळ्यांना भारी असं नाही. शेजारच्याला जे केलं तेच मला करा असं म्हणण्यात अर्थ नाही, त्याचा तुकडा वेगळा आपला वेगळा.

मी भाच्याला सरळ विचारलं, रिसर्च काय म्हणतोय. तो म्हणाला मशीनवर हाडं ताणून बघितलेल्या टेस्टमध्ये बऱ्याचदा पॅरलल जास्त कडक निघती, पण खऱ्या पेशंटमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली तर हाड जुळणं आणि हात वाकणं ह्यात फार फरक सापडत नाही. "मावशी, बसवणाऱ्याचा हात कशावर बसलाय ते बघ, आणि दोघांनाही एकच प्रश्न विचार, कोपर कव्हा हलवायला देणार."

हा प्रश्न मी दोघांना विचारला. पहिल्या डॉक्टरांनी सीटी शांतपणे बघितला, प्रामाणिकपणे सांगितलं की माझा हात नव्वद-नव्वदवर बसलाय, तुमचा खालचा तुकडा बारीक आहे, त्यात आखूड स्क्रूवर मी लगेच भरवसा ठेवणार नाही, म्हणून तीन आठवडे स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर ठेवीन मग हलवू. दुसरे म्हणले, पॅरललनं खालच्या तुकड्यात मला हवे तेवढे स्क्रू बसले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू करू, नाही बसले तर ऑपरेशननंतर तसं स्पष्ट सांगीन. कोपर हा लई लवकर आखडणारा सांधा आहे, तीन आठवडे बांधून ठेवलेलं कोपर मोकळं करायला कितीक महिने जातेत. आमचं ठरलं तिथं. पहिल्या डॉक्टरांचा मला आजही आदर आहे, त्यांनी आपल्या हाताला काय जमतंय ते लपवलं नाही.

घरात मात्र वेगळाच विषय चाललेला. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणायल्या, "कशाला चिरफाड करून घेती माय, गावाकडं हाड बसवणारा हाय, त्यानं कितीजणाचं बसवलं." त्यांची माया खरी होती, त्यांच्या आईचं मनगट त्या माणसानं बसवलं होतं. पण सांध्यात चीर असली की एक-दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी सांधा घासत राहतो, आणि ताज्या फ्रॅक्चरच्या कोपराला तेल लावून चोळलं, ओढलं, तर स्नायूत नवीन हाड धरायचा धोका असतो, मग कोपर जागच्या जागी जाम. आमच्या ह्यांनी आत्यांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सीटीचा थ्रीडी फोटो स्क्रीनवर फिरवून दाखवला. आत्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणल्या, हे हातानं नाही बसायचं. मग त्यांचा विरोध संपला, उलट नंतर कुणी तेलाची बाटली घेऊन आलं की त्याच परत पाठवायच्या.

ऑपरेशनच्या आधी संमतीच्या कागदावर अजून एक गोष्ट होती जी बऱ्याच जणांना नंतर कळती. सांधा मागून उघडतेत, पण मधी ट्रायसेप्स, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू आणि कोपराचं टोक आडवं येतंय. एक मार्ग असा की स्नायूच्या दोन्ही बाजूनं आत जायचं, काहीच कापायचं नाही, पण सांध्याचा पुढचा भाग कमी दिसतो. दुसरा मार्ग असा की कोपराचं टोक मुद्दाम व्ही आकारात कापायचं, स्नायूसकट वर उचलायचं, सांधा समोर पूर्ण उघडा, काम झालं की ते टोक परत जोडायचं. चांगलं हाड कापायचं हे ऐकूनच कसंतरी झालं. डॉक्टर म्हणले, "मॅडम, आधी न कापताच बघतो, पुढचा बारीक तुकडा दिसला नाही तर कापीन, आंधळेपणानं जोडण्यापेक्षा ते बरं." कापावं लागलं.

टोक परत जोडायला काय वापरणार हाही निवडीचाच भाग. टेन्शन बँड म्हणजे दोन सरळ तारा हाडात आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात वळवलेली वायर, ट्रायसेप्स ओढतो तव्हा ती ओढ तुकडा उघडण्याऐवजी सांध्याच्या बाजूनं दाबती, अशी ती युक्ती आहे. किंवा तिथंही छोटी प्लेट. नुसतं कोपराचं टोक फुटलेले पेशंट असतेत त्यांनाही हेच दोन पर्याय देतेत, चीर साधी आडवी असली तर वायर, चुरा असला तर प्लेट, कारण चुरा वायरनं आवळला तर हाड आखूड होतंय. वायर स्वस्त, पण पुढं कातड्याखाली टोचती आणि बऱ्याच जणांना काढावी लागती हे मला आधीच सांगितलं होतं. माझं टोक डॉक्टरांनीच नीट कापलेलं, चुरा नव्हता, वायरवर भागलं.

प्लेटा आधीच हाडाच्या आकारात वळवलेल्या, लॉकिंगच्या होत्या, म्हणजे स्क्रूचं डोकं प्लेटच्या भोकातच आट्यांनी घट्ट बसतंय, हाड ठिसूळ असलं तरी स्क्रू सैल व्हायचा धोका कमी. पूर्वी साधी रिकन्स्ट्रक्शन प्लेट टेबलावरच हातानं वाकवून बसवायचे, अजूनही काही ठिकाणी बसवतेत, आणि जमणाऱ्याच्या हातात तीही चालती. स्टील का टायटॅनियम विचारलं तर डॉक्टर म्हणले दोन्हीवर हाड जुळतंय, इम्प्लांटचं स्टीलही चुंबकाला चिकटणारं नसतंय. देशी आणि बाहेरच्या कंपनीच्या सेटमध्ये किमतीला दुपटीहून जास्त फरक होता, आम्ही देशी घेतला कारण डॉक्टर रोज तोच वापरतेत आणि त्याचे सगळे मापाचे स्क्रू त्यांच्याकडं कायम असतेत. मला हे कारण कंपनीच्या नावापेक्षा मोठं वाटतंय. एक काम मात्र करा, इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवून घ्या, त्याच्यावर लॉट नंबर असतो, पुढं प्लेट काढायची वेळ आली तर कुठला स्क्रूड्रायव्हर लागणार ते त्याच्यावरून कळतंय, आणि आमच्यासारख्या नोकरदारांना वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाइलला ते लागतेतच. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी ॲडमिट होतानाच महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधारकार्ड घेऊन भेटावं, आता ५ लाखापर्यंत कव्हर आहे, पण दवाखाना योजनेत आहे का आणि ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतंय का हे आधीच विचारावं, बिल झाल्यावर नाही.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचं असंच फुटलं होतं, वय पंच्याहत्तरच्या पुढं, हाडं एकदम पोकळ, त्यांना डॉक्टरांनी कोपर बदलायचाच पर्याय सांगितला. चुरा झालेल्या ठिसूळ हाडात स्क्रू धरत नसेल तर ते बरोबर असू शकतंय. फक्त त्यात आयुष्यभर त्या हातानं वजन उचलायला बंधन येतंय, चार-पाच किलोच्या वर नाही, म्हणून चालत्या-फिरत्या, पाणी-शेण करणाऱ्या बाईला ते चटकन सुचवत नाहीत.

आता नसेचं सांगते कारण ऑपरेशननंतर मी सगळ्यात जास्त घाबरले ती त्याच्यामुळं. कोपराच्या आतल्या बाजूनं अल्नर नर्व्ह जाती, तीच जी टेबलाला आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतेत. आतली प्लेट बरोबर तिच्या शेजारी बसती, त्यामुळं कुठलीही पद्धत घ्या, ती नस शोधून, फितीत अलगद धरून, सगळं ऑपरेशनभर सांभाळावी लागती. शेवटी तिला जागेवर ठेवायची का पुढं सरकवायची ह्यावर डॉक्टर लोकांत एकमत नाही. माझी नस प्लेटला घासत होती म्हणून पुढं सरकवली. शुद्धीवर आले तर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधीर. भीतीनं रडू आलं, खडू धरायचा हात तो. पण बोटं फाकवता येत होती, डॉक्टरांनी बोटांमधी कागद धरायला लावून तो ओढून बघितला, कागद सुटला नाही. म्हणले नस चालू आहे, नुसती दुखावलीय, महिने लागतील. तसंच झालं, बधिरपणा हळूहळू करंगळीच्या शेंड्यापर्यंत उतरत गेला, थंडीच्या दिवसांत शेंडा अजून जरा वेगळा लागतो.

हवे तेवढे स्क्रू बसले होते. ड्रेसिंग पातळ करून तिसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम आल्या. टेबलावर नॅपकिन पसरायचा, हात त्याच्यावर ठेवायचा आणि नॅपकिनसकट पुढं सरकवत न्यायचा, मग मागं आणायचा, माझ्याच ताकदीनं, डाव्या हाताचा नुसता आधार. मग पाठीवर झोपून हात डोक्याकडं वर करायचा आणि कोपर आपल्याच वजनानं वाकू द्यायचं. त्या कोनमापक लावून मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, सुरवातीला वाकणं काटकोनाच्या आतच थांबायचं. मी म्हणलं मॅडम तुम्हीच जरा दाबा की, मी सहन करते. त्यांनी ठाम नाही म्हणलं. दाबून वाकवलं की सूज, सूज की अजून आखडणं, कोपराला जबरदस्ती चालत नाही, जेवढं तुमचा स्नायू नेतो तेवढंच. दिवसातून थोडं थोडं पण पुष्कळ वेळा. रात्री हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं आणि खांदा सारखे हलवायचे, नाहीतर खांदाही आखडतो. वजन मात्र एक्स-रेत हाड जुळल्याचं दिसेपर्यंत कपबशीच्या पुढं नाही.

आणि किती वाकलं म्हणजे पुरे, ह्याचाही एक आकडा आहे. मेयो क्लिनिकच्याच बर्नार्ड मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ ला रोजची कामं मोजून दाखवलं की ३० पासून १३० अंशांपर्यंत कोपर हललं की बहुतेक कामं होतेत, पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकलेलं लागतंच असं नाही. हे कळाल्यावर माझा जीव हलका झाला कारण मी पूर्ण सरळ होत नाही म्हणून रोज झुरत होते. मला घास तोंडापर्यंत न्यायला जमलं तो दिवस आधी आला, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून उजव्या हातानं खाल्ला, मग कुंकू, मग वेणी. वेणीला सगळ्यात जास्त वेळ लागला, हात मागं न्यायचा आणि वाकवायचा दोन्ही एकदम लागतंय. मोबाईल कानाला लावायला तर १३० च्याही पुढं वाकवावं लागतंय, तो मी अजून डाव्या हातानंच धरते. फळ्यावर लिहायला काही अडचण नाही. सरळ करताना शेवटचे पंधरा-वीस अंश राहिलेत, ते बहुतेक तसेच राहणार असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि ते मला मान्य आहे.

मागच्या टोकाची वायर मात्र टोचायला लागलीय, बाकावर कोपर टेकवलं की चटका बसतो. टोक चांगलं जुळलंय म्हणून ती सुट्टीत काढायचं ठरलंय. दोन्ही प्लेटा राहू देणार, कारण त्या काढायला परत त्याच जागी शिरायचं आणि नस आता तिथल्या व्रणात चिकटलेली, उगीच तिला हात लावायचा नाही असं डॉक्टर म्हणतेत आणि मलाही ते पटलंय.